विदर्भाच्या बासष्ट आमदारांना खुले पत्र : अधिवेशन हीच तुमची ड्युटी

प्रति,
विदर्भातील सर्व बासष्ट विधानसभा सदस्य,
पक्ष कोणताही असो.

स.न.वि.वि.

२०२५ या वर्षात महाराष्ट्राचं विधिमंडळ तीनदा भरलं. ३ ते २६ मार्च मुंबईत, ३० जून ते १८ जुलै पुन्हा मुंबईत आणि ८ ते १४ डिसेंबर आपल्या नागपुरात. मधले रविवार, सणवार सगळे धरून मोजले तरी पन्नास दिवस होतात. उरलेले तीनशे पंधरा दिवस तुम्ही रिकामे होता असं मी म्हणणार नाही. तुमच्याइतकी धावपळ तालुक्यात दुसरा कोणी करत नसेल. माझी तक्रार या धावपळीबद्दलच आहे.

सकाळी आठ-साडेआठला तुमच्या संपर्क कार्यालयातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या भरलेल्या असतात. एकाच्या वावराजवळची डीपी, म्हणजे विजेचं रोहित्र, जळून आठवडा झाला, हरभरा सुकतो आहे. दुसऱ्याचं घरकुलाच्या यादीत नाव आहे, पण हप्ता पडला नाही. तिसऱ्याला बापाला नागपूरला भरती करायचं आहे, त्याला पत्र पाहिजे. एक बाई पांदणीचं भांडण घेऊन बसलेली. शेजाऱ्यानं धुरा कोरला आणि बैलबंडीची वाट अडवली. तुमचा पीए लेटरहेडचा गठ्ठा पुढ्यात घेऊन प्रत्येकाला एकच वाक्य लिहून देतो : ‘नियमानुसार योग्य ती कार्यवाही करावी.’ दहा वाजले की गाडी निघते. साक्षगंध, लग्न, तेरवी, कबड्डीचं उद्घाटन, सभामंडपाचं भूमिपूजन. लगनसराईत एका दिवशी किती मांडवांत जाऊन अक्षता टाकाव्या लागतात हे तुमच्या ड्रायव्हरला विचारावं. एखादं घर सुटलं की ते पाच वर्षं लक्षात ठेवतं.

यातलं एकही काम कायदेमंडळाचं नाही. डीपी वीज कंपनीच्या अभियंत्यानं बदलायची, पांदण तहसीलदारानं मोकळी करून द्यायची, घरकुलाचा हप्ता पंचायत समितीतून निघायचा. ही मंडळी तुमच्या पत्राशिवाय जागची हलत नाहीत म्हणून लोक तुमच्याकडे येतात. आणि स्पष्टच लिहितो, ती आपणहून हलत नाहीत यात तुमचं फार काही बिघडत नाही. उद्या डीपी न सांगता बदलून मिळाली तर सकाळच्या खुर्च्या रिकाम्या राहतील. कोणत्या आमदाराला ते परवडेल?

त्यामुळे आमच्याकडे अधिवेशनाकडे कसं पाहतात तेही ऐका. डिसेंबरात कोणी काम घेऊन गेला की उत्तर मिळतं, “साहेब नागपूरले गेले, आता आठ रोज काईच काम होनार नाई.” म्हणजे आमच्या लेखी अधिवेशन ही आमदाराची रजा! ज्या कामासाठी तुम्हाला निवडून दिलं तेच काम चालू असताना मतदारसंघ म्हणतो, साहेब कामावर नाहीत. ही समजूत आम्ही मतदारांनीच वाढवली आणि तुम्हाला ती सोयीची होती.

सभागृह बंद असलं की काय होतं याचं ताजं उदाहरण पीक विम्याचं आहे. २०२३ च्या खरिपापासून विमा एका रुपयात होता. त्यात बोगस अर्ज घुसले, गैरप्रकार झाले हे खरंच. एप्रिल २०२५ च्या शेवटी मंत्रिमंडळानं एक रुपयाची योजना गुंडाळली. आता खरीप पिकाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का, कपाशीसारख्या नगदी पिकाला ५ टक्के हप्ता आपण भरायचा. पण खरी मेख पुढे आहे. पेरणीच न होणं, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, गारपिटीसारखी स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचं नुकसान या चार कारणांनी मिळणारी भरपाई काढून टाकली आणि सगळा हिशेब पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे मंडळातल्या निवडक शेतांत पीक कापून काढलेल्या सरासरीवर, आणून ठेवला. म्हणजे तुमच्या एकट्याच्या सोयाबीनच्या गंजीवर पाऊस पडून दाण्याला कोंब आले तर त्याचा हिशेब कुठेच नाही. अख्ख्या महसूल मंडळाची सरासरी घसरली तरच पैसे. त्याच सप्टेंबरात पावसानं काय केलं ते तुम्ही बांधावर येऊन, फोटो काढून पाहून गेलात.

तो बदल योग्य की अयोग्य हा वाद इथे घालत नाही. तारखा तेवढ्या पाहा. अधिवेशन २६ मार्चला संपलं. निर्णय एप्रिलअखेर झाला. पुढचं अधिवेशन ३० जूनला बसलं, तोवर आमच्याकडे बियाणं मातीत गेलेलं होतं. तीन महिने कोणत्याही आमदाराला उभं राहून ‘अध्यक्ष महोदय’ म्हणायची सोयच नव्हती. शेतकऱ्याच्या आयुष्यातले मोठे निर्णय आता कायद्यानं होत नाहीत, शासन निर्णयानं होतात, आणि शासन निर्णय अधिवेशनाची वाट पाहत नाही.

बरं, सभागृह बसलं तेव्हा काय होतं? तारांकित प्रश्नोत्तरांच्या याद्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर येतात. मी त्या वाचतो. वेळ असेल तर तुम्हीही वाचा, एकमेकांचे प्रश्न वाचायला हरकत नसावी. सगळ्यांचा साचा एकच : (१) अमुक तालुक्यात अमुक झाले हे खरे आहे काय, (२) असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, (३) त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आणि समोर उत्तर : (१) हे अंशतः खरे आहे. शेवटी, (४) प्रश्न उद्भवत नाही.

अंशतः म्हणजे किती? कोणता अंश खरा, कोणता खोटा? इथे उपप्रश्न विचारून मंत्र्याला खिंडीत गाठायचं असतं. पण त्यासाठी आमदाराच्या हातात पंचनाम्याच्या तारखा पाहिजेत, मंडळवार उंबरठा उत्पन्न (ज्याच्या खाली सरासरी गेली की विमा मिळतो तो आकडा) पाहिजे, मागच्या वर्षी याच विषयावर सभागृहात दिलेलं आश्वासन पाहिजे. हे गोळा करायला एका हुशार माणसाचे आठ-दहा दिवस जातात. तो माणूस तुमच्याकडे आहे का? २०२२ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात तुमच्या पीएचं मानधन २५ हजारांवरून ३० हजार झालं, ड्रायव्हरचं १५ वरून २० हजार, आणि स्थानिक विकास निधी पाच कोटींवर गेला. अभ्यासकाचं नाव त्या यादीत नव्हतं. विधिमंडळाचं ग्रंथालय आहे, पागेसाहेबांच्या नावाचं संसदीय प्रशिक्षण केंद्र आहे, पण तुमच्या मतदारसंघाचा कागद न् कागद लावून तुम्हाला प्रश्न तयार करून देणारा माणूस तुम्हाला मिळत नाही. मग प्रश्न कोण लिहितं? कधी एखादा पत्रकार, कधी बदली हुकलेला अधिकारी, कधी टेंडर हुकलेला ठेकेदार. लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) कोणी लावली आणि ती ऐन वेळी मागे का पडली, यावर तालुक्याच्या चहाटपरीवर जे बोललं जातं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अमेरिकेत या विषयावर फार जुना वाद आहे. तिथे प्रत्येक राज्यानं आपापला मार्ग धरला आहे. न्यू हॅम्पशायरच्या प्रतिनिधिगृहात चारशे सदस्य आहेत आणि त्यांना वर्षाला शंभर डॉलर मिळतात. कल्पना अशी की आमदार हा मुळात शेतकरी, दुकानदार, मास्तर. चार महिने कायदे करून तो घरी जाईल. टेक्ससचं नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा होतं, जास्तीत जास्त १४० दिवस, आणि पगार महिना सहाशे डॉलर. उलट कॅलिफोर्नियानं १९६६ मध्ये मतदारांचा कौल घेऊन विधिमंडळ पूर्णवेळ केलं. पगार वाढवला, सदस्यांना अभ्यासक कर्मचारी दिले. सरकारच्या अर्थसंकल्पाची चिरफाड करणारं विधिमंडळाचं स्वतःचं कार्यालय तिथे १९४१ पासूनच होतं. पुढे लोक या कायमच्या पुढाऱ्यांना कंटाळले आणि १९९० मध्ये त्यांनी आमदारकीच्या मुदतींवर मर्यादा घातली, विधिमंडळाच्या खर्चालाही कात्री लावली. मग दुसरी ओरड सुरू झाली, की जाणती माणसं घरी गेली आणि कारभार अधिकाऱ्यांच्या आणि हितसंबंधी दलालांच्या हाती गेला. म्हणजे पूर्णवेळ केलं की सगळं सुधारतं असं नाही, हे मलाही समजतं.

पण आपण यातलं काय घेतलं ते पाहा. ऑगस्ट २०१६ मध्ये तुमच्या सभागृहानं आमदारांचा पगार दुपटीहून जास्त वाढवला, प्रधान सचिवांच्या पगाराच्या पंगतीला नेऊन बसवला, तोही चर्चेविना. माझी त्याला हरकत नाही. उपाशी आमदार ठेकेदाराच्या दारात उभा राहतो, त्यापेक्षा पगार बरा. पण पगार कॅलिफोर्नियाच्या धर्तीवर पूर्णवेळ घ्यायचा आणि बसायचं टेक्ससपेक्षाही कमी? १४० दिवस दोन वर्षांत वाटले तर वर्षाला सत्तर येतात. स्वतःला अर्धवेळ म्हणवणारं विधिमंडळ ते. आपले पन्नास.

आणि आपला अर्धवेळ आमदार उरलेल्या वेळात शेतकरी किंवा मास्तर असतो का? काही आहेत, त्यांना नमस्कार. बाकीच्यांची महाविद्यालयं आहेत, जिनिंग आहे, खडीक्रशर आहेत, पेट्रोल पंप आहेत. सरकारशी थेट कंत्राट असलं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ९-अ प्रमाणे आमदार अपात्र ठरतो. म्हणून कंत्राट भाच्याच्या नावावर असतं, आणि रस्त्याच्या कामाचं नारळ फोडायला मामा येतो. तुमची आणि तुमच्या घरच्यांची कोणत्या खात्याशी काय देवघेव आहे याची नोंदवही विधानभवनात ठेवा आणि लोकांना पाहू द्या.

आता नागपूर. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात लिहिलं आहे की सरकार ठरावीक काळासाठी नागपूरला हलेल आणि वर्षातलं निदान एक अधिवेशन इथे होईल. हे शहर १९५६ पर्यंत एका मोठ्या राज्याची राजधानी होतं. ते सोडून मराठी राज्यात आलेल्या विदर्भाला दिलेला तो शब्द होता. २०२४ मध्ये तो शब्द १६ ते २१ डिसेंबर असा सहा दिवस पाळला, २०२५ मध्ये सात दिवस. त्या सात दिवसांत ७५ हजार कोटींहून जास्त रकमेच्या पुरवणी मागण्या आल्या आणि मंजूर झाल्या. दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेता नव्हता, तो भाग वेगळाच. (२०१८ मध्ये एकदा पावसाळी अधिवेशन नागपुरात घेतलं, तेव्हा ६ जुलैला पाणी शिरून विधानभवनाची वीज गेली आणि कामकाज थांबलं. आमच्याकडे लाइन गेल्यावर काय होतं हे तेवढं एक दिवस सरकारला समजलं.)

अधिवेशन जितकं आखूड, तितके मोर्चे दाट. अंगणवाडी सेविका, कोतवाल, विनाअनुदानित शिक्षक, धान उत्पादक, साऱ्यांना तोच आठवडा. वर्षाचं गाऱ्हाणं घेऊन माणसं रात्रीच्या एसटीनं निघतात, दिवसभर पोलिसांच्या कठड्यांमागे बसतात, एखादा मंत्री येऊन निवेदन घेतो किंवा घेतही नाही, आणि माणसं परत फिरतात. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाचा मोर्चा असाच अधिवेशनावर गेला होता. चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले, त्यात बाया आणि लेकरं होती. ऐकणारं दार वर्षातून काही दिवसच उघडत असेल तर त्या दारात गर्दी होणारच. हे दार महिना-दीड महिना उघडं ठेवा, आणि अधिवेशन नसताना समित्यांना चंद्रपूर, वाशीम, गोंदियाला पाठवून लोकांची साक्ष घ्या. पंचायत राज समिती जिल्ह्यात येते तेव्हा जिल्हा परिषदेत रात्री जागून रजिस्टरं पूर्ण होतात, हे आम्ही पाहिलं आहे. समितीला धाक असतो. जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेलं तेव्हा बारा हजारांवर सूचना आल्या. त्या विधेयकाबद्दल माझं मत बाजूला ठेवतो, पण विचारलं तर लोक बोलतात हे त्यातून दिसलं. पक्षादेश निघाल्यावर सभागृहात तुमच्या मताला किती किंमत उरते हे मला ठाऊक आहे. समितीच्या खोलीत अजून थोडी आहे.

तुमच्या याच विधिमंडळानं कधी काळी रोजगार हमी कायदा करून दाखवला. वि. स. पागे १९६० पासून अठरा वर्षं विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात ही कल्पना त्यांनी आधी छोट्या प्रमाणात राबवून पाहिली. पुसदचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ च्या दुष्काळात तिची खरी कसोटी लागली. पैसा कुठून आणायचा याचं उत्तर म्हणून शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. कायदा १९७७ मध्ये दोन्ही सभागृहांत एकमतानं झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम हा हक्क, कायद्यानं! २००५ मध्ये दिल्लीनं त्यावरूनच देशाचा कायदा केला. सभापतीच्या खुर्चीतल्या एका माणसानं वर्षानुवर्षं एकच विषय लावून धरला म्हणून ते झालं. आज तुमच्यातल्या कोणाला एक विषय दहा वर्षं धरून बसायला सवड आहे? कोरडवाहू कपाशीचा, रानडुकरांनी आणि रोह्यांनी (नीलगायींनी) खाल्लेल्या पिकाचा, पांदण रस्त्यांचा?

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव तुम्हाला माहीत आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा तुमच्यापैकी कितीतरी जणांनी भाषणात वापरली आहे. त्या गावाची दुसरी सवय मात्र कोणी सांगत नाही. तिथे निर्णय ग्रामसभा करते, पण त्याआधी अभ्यासगट बसतो. माहिती काढतो, जाणत्याला बोलावतो, एकमत होईपर्यंत विषय पुन्हा पुन्हा चर्चेला घेतो. गोंड आदिवासींचं छोटंसं गाव हे करतं. दोनशे अठ्ठ्याऐंशी सदस्यांच्या सभागृहाला ते का जमू नये?

मी ग्रामपंचायतीत एक मुदत सदस्य होतो. मासिक सभा दर महिन्याला, ग्रामसभा वर्षातून निदान चार. सरपंचानं पुरेशा कारणाशिवाय ग्रामसभा घेतली नाही तर त्याचं पद जाऊ शकतं. हा कायदा तुम्हीच केला आहे. अंगठा उठवणाऱ्या सरपंच बाईला लागू होतो. विधिमंडळाला मात्र असं बंधन नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७४ मध्ये एवढंच म्हटलं आहे की दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडू नये. न्यायमूर्ती वेंकटचलय्या आयोगानं २००२ मध्ये सुचवलं होतं की सत्तर किंवा त्याहून अधिक सदस्यांच्या सभागृहानं वर्षाला निदान ९० दिवस बसावं. दोन तपं झाली. महाराष्ट्राची विधानसभा इतर बऱ्याच राज्यांपेक्षा जास्त बसते, हा बचाव मला देऊ नका. वर्गात सगळेच नापास असले म्हणून पस्तीसला तेवीस चालत नाहीत.

आता आमच्या बाजूचं. नव्वद दिवस तुम्ही सभागृहात आणि तेवढेच समितीत घालवले तर मतदारसंघात डीपीचं कोण पाहील? त्यासाठी जिल्हा परिषद आणि पंचायत समिती आहे. पण २०२२ च्या मार्चपासून विदर्भातल्या बऱ्याच जिल्हा परिषदांवर प्रशासक बसवला आणि वर्षानुवर्षं निवडणूक झाली नाही. गावात पंचायत समितीचा सदस्य नाही, झेडपीचा मेंबर नाही, म्हणून सगळं गाऱ्हाणं तुमच्या दारात आलं. तुमच्या खुर्च्या भरण्याचं ते एक मोठं कारण आहे. या निवडणुका दर पाच वर्षांनी वेळेवर होतील हे पाहा, पांदणीचा आणि घरकुलाचा पैसा व अधिकार त्यांच्याकडे जाऊ द्या, आणि स्थानिक विकास निधीतली सभामंडपं सोडून द्या. आम्हीही लग्नात तुमची वाट पाहणं सोडू. सगळा तालुका लगेच ऐकणार नाही हे खरं, पण ज्या आमदाराचा प्रश्न पेपरात छापून येतो त्याला लोक तेरवीला न आल्याबद्दल माफ करतात, एवढं मी पाहिलं आहे.

अधिवेशन किती दिवस चालवायचं याचा सोक्षमोक्ष कामकाज सल्लागार समितीत लागतो. त्या समितीत विदर्भाचे सदस्य असतात, सत्तेतले आणि विरोधातलेही. पुढच्या बैठकीत कोणी सात दिवसांचा कागद पुढे सरकवला, तर त्यावर आपला विरोध नोंदवा आणि तो कार्यवृत्तात येईल असं पाहा. आणि वर्षाला किमान नव्वद दिवसांच्या बैठका, त्यातले तीस नागपुरात, वर्षाचं वेळापत्रक जानेवारीतच जाहीर, प्रत्येक सदस्याला एक पगारी अभ्यासक, असं चार कलमांचं अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्र्यानं नव्हे तर सदस्यांनी मांडायचं विधेयक, तुम्ही बासष्ट जणांनी मिळून पुढच्याच अधिवेशनात मांडा. ते पहिल्या झटक्यात मंजूर होणार नाही. कोण बाजूनं बोललं, कोण गप्प बसलं आणि कोण बाहेर निघून गेलं, हे आम्हाला कार्यवाहीत वाचायचं आहे.

आपला,
एक मतदार आणि कोरडवाहू शेतकरी,
दारव्हा तालुका, जि. यवतमाळ